दोघांचे मिळून वजन

“हसू नकोस. हसलीस की आणखी जड होतेस.”

“मी कुठे हसतेय? तूच हसवतोयस,” ताई म्हणाली आणि पुन्हा हसली.

पलंग आणि खुर्ची यांच्यामध्ये दीड हात जागा होती, आणि त्या दीड हातात दोघे बहीणभाऊ फरशीवर बसले होते. खरे म्हणजे धाकटा बसला होता आणि ताई त्याच्या मांडीवर आडवी झाली होती. पलंगावरून खुर्चीत, एवढाच प्रवास. रोजचाच. पण आज अर्ध्या वाटेत धाकट्याच्या कंबरेने दगा दिला. गुडघे वाकले, आणि पडता पडता त्याने निदान एवढे तरी साधले की आपण खाली गेलो आणि ताई वर राहिली. एक्क्याऐंशी किलो अंगावर घेऊन पडायलाही कौशल्य लागते, पण त्याचे कौतुक कोण करणार?

साडेसात वाजले होते. दिवसभर ताईपाशी बसणाऱ्या मावशी नऊला यायच्या. त्या अंगापिंडाने भक्कम; आल्या की एका दमात उचलतील. तोवर मुक्काम इथेच.

तेवढ्यात उशीखालचा फोन वाजला. या वेळेला फोन येई तो दादाचाच. दादा म्हणजे दोघांमधला भाऊ, दुसऱ्या शहरात राहणारा. धाकट्याने हात लांब करून फोन ओढला आणि ताईच्या कानाला लावला.

“कशी आहेस?”

“मस्त.”

“आवाज असा का येतोय?”

“कसा?”

“खालून आल्यासारखा.”

ताईला खोटे बोलता येत नसे. निदान तेव्हा तरी घरात सगळ्यांचा तसाच समज होता. ती गप्प राहिली आणि दादाला काय ते कळले.

“त्याला दे फोन.” मग आवाज वाढला. “महिन्यात तिसऱ्यांदा!”

“दुसऱ्यांदा,” धाकटा म्हणाला.

“उद्या तिचं हाड मोडलं म्हणजे? अरे, तू स्वतः काडी. पन्नास किलोचा माणूस.”

“त्रेपन्न.”

“मला आकडे सांगू नकोस. तिच्यासारख्यांना सांभाळणाऱ्या संस्थेत जागा आहे, मी बोलून ठेवलंय. तिथे माणसं आहेत, यंत्रं आहेत. चार महिने देतो तुला. मी येईन तेव्हा एकट्यानं तिला फरशीवरून उचलून पलंगावर ठेवून दाखव. नाही जमलं तर मी तिला घेऊन जाणार. पुढे चर्चा नाही.”

दादा वाईट माणूस नव्हता. त्याचे म्हणणे बरोबर होते, आणि तीच तर पंचाईत होती. फोन ठेवल्यावर ताई छताकडे बघू लागली.

“संस्थेत रात्री दिवा कोण बंद करतं रे?” तिने विचारले.

धाकट्याने फोन पुन्हा उशीखाली सारला.

एकोणपन्नास वर्षांचा झाला तरी तो धाकटाच होता. आई गेली तेव्हा तो पाच वर्षांचा होता आणि ताई बावीसची. तिने बिस्किटांच्या कारखान्यात तीस वर्षे डबे भरले, दोन भावांना वाढवले, मधल्याचे लग्न लावून दिले. स्वतःचे राहून गेले. का, हे कोणी विचारले नाही आणि तिने सांगितले नाही. धाकट्याचेही राहून गेले, पण त्याला निदान कारण होते: तो सतत पळत असे. दोन वर्षांपूर्वी ताईच्या मणक्याचे ऑपरेशन झाले आणि कंबरेखाली जीव उरला नाही. वर मात्र ती होती तशीच, टुणटुणीत. बोलायला तर दोन माणसांच्या बरोबरीची.

धाकटा पाण्याचे मीटर वाचायचा. सत्तावीस वर्षे दारोदार फिरून झाकणे उचलायची, वाकायचे, कोळ्याची जाळी पुसायची आणि आकडा लिहायचा. चालू आकडा वजा मागचा आकडा. कोणी त्याला नावाने ओळखत नसे. “मीटरवाले आलेत” एवढीच त्याची ओळख. पण वर्षातून एकदा, बेचाळीस किलोमीटरच्या शर्यतीत, त्याच्या स्वतःच्या छातीवर आकडा असायचा. त्या शर्यतीचा एक नियम होता: जो वीस वेळा वेळेत पुरी करील त्याचा नंबर कायमचा त्याचा, मग तो नंबर दुसऱ्या कोणाला देत नाहीत, माणूस मेला तरी. धाकट्याच्या एकोणीस झाल्या होत्या. विसावी यंदा, साडेचार महिन्यांवर होती.

दुसऱ्या दिवशी तो फिजिओबाईंकडे गेला. हॉस्पिटलच्या मागच्या बाजूला त्यांची लांबट खोली होती. भिंतीला दोऱ्या, कोपऱ्यात लोखंडी वजने, आणि मधोमध कण्हणारी माणसे. बाई बुटक्या आणि मोठ्या आवाजाच्या. त्यांनी त्याला शर्ट काढायला लावला, वळायला लावले, वाकायला लावले.

“पळता का तुम्ही?”

“कसं ओळखलंत?”

“पळणाऱ्यांचं सगळं कंबरेखाली असतं. वर नुसता हँगर. उचलायचंय कोणाला?”

त्याने सांगितले.

“सात किलो चढवावे लागतील. चरबी नाही, मांस. पाठ, खांदे, मांड्या. साठला पोचलात तर बघू.”

“चार महिन्यांत?”

“महिन्याला एक मिळाला तरी पुष्कळ. घाई केलीत तर पोट सुटेल, ताकद येणार नाही.”

“आणि पळणं?”

“कमी करा. आठवड्याला किती पळता?”

“सत्तर किलोमीटर.”

“सत्तर किलोमीटर पळणार आणि अंगाला मांसही लागू दे म्हणणार! बुडाला भोक ठेवून घागर भरायची म्हणजे झालं.” बाईंनी कागद ओढला. “तीन दिवस वजनं. दोन दिवस थोडं पळा, दम टिकण्यापुरतं. रविवारी लांब पल्ला. सोमवारी मांड्यांना हात लावायचा नाही. पळून आलात की अर्ध्या तासात खायचं, भूक असो-नसो. अंडी, दूध, शेंगदाणे, मटकी-चवळी, काय मिळेल ते. आणि झोपायचं.”

“यंदा विसावी आहे माझी. दोन्ही जमायला हवं.”

“दोन्ही हवं म्हणणारी माणसं माझ्याकडे रोज येतात,” बाई म्हणाल्या. “पाठ धरून.”

घरी आल्यावर त्याने तो कागद ताईला दाखवला. तिला सगळे सांगायची त्याला लहानपणापासूनची खोड. दात घासता घासता त्याने हिशेबही मांडून दाखवला. मध्ये एका वर्षी त्याचे वजन दोन किलो वाढले होते, तेव्हा आठ मिनिटे जास्त लागली होती. म्हणजे किलोला चार मिनिटे. सात किलोंची अठ्ठावीस. गेल्या वर्षी तो चार तास एक्केचाळीस मिनिटांत पोचला होता, आणि पाच तासांना दोरी ओढतात, मग येईल त्याला धरत नाहीत.

“म्हणजे नऊ मिनिटांनी हुकणार,” ताई म्हणाली. शाळा सातवीपर्यंत झालेली, पण हिशेबाला पक्की.

“बघू. निघेल काहीतरी वाट.”

“आणि मी एवढी धोंड नसते तर?”

“तर सातच्या जागी दोन-तीन किलोंत भागलं असतं,” तो चूळ भरून म्हणाला. त्याच्या मनात काहीच नव्हते. मनात काही नसलेली माणसेच असे बोलून जातात.

मग चार महिने त्याने जिवाचे रान केले. सकाळी ताईचे सगळे उरकायचे, दिवसभर मीटर, संध्याकाळी बाईंची लोखंडी वजने. खांद्यावर दांडा घेऊन उठायचे, बसायचे, पुन्हा उठायचे; फरशीवरची वाळूची गोणी छातीशी धरून उभे राहायचे. “कंबरेतून नाही, मांड्यांतून!” बाई ओरडायच्या. पहिल्या महिन्यात त्याला मीटरच्या झाकणापाशी वाकले की उठवेना. एका घरातल्या म्हातारीने तर त्याला हात दिला आणि वर “तुमचं वय झालं आता” म्हणाली.

त्याहून अवघड होते ते खाणे. आयुष्यभर चिमणीसारखे खाल्लेल्या माणसाला दिवसाला सहा अंडी म्हणजे शिक्षाच. पण इथे ताईची मोठी मदत झाली. ती समोर बसून त्याला खायला लावायची, आणि वर स्वतःच्या ताटातलेही त्याच्या ताटात सरकवायची.

“मला नको. मावशींनी चार वाजता इतकं चारलंय की पोट टम्म झालंय. घे. तुला मांस चढवायचंय, मला नाही.”

संध्याकाळी येऊन मावशींना विचारावे तर त्या पाच वाजता निघून गेलेल्या असायच्या. आणि विचारायचे तरी कशाला? सकाळी भरलेला डबा संध्याकाळी रिकामा असे.

रविवारी तो लांब पळायचा. तिथे मात्र रडगाणे होते. पाय आपले वाटत नसत. कोणीतरी दुसऱ्याचेच पाय मापाला मोठे म्हणून लावून दिल्यासारखे. पूर्वी तीस किलोमीटरच्या पुढेही श्वास लयीत असायचा, आता पंचविसालाच तुटायला लागला. तो थकायचा, आणि हे थकणे पूर्वीसारखे झोपेने जात नसे. त्याला कधी कधी वाटे, हे सगळे सोडून द्यावे आणि ताईशेजारी पडून राहावे. मग संस्थेतला तो कोणीही बंद न केलेला दिवा आठवायचा आणि तो उठायचा.

पण उचलणे जमू लागले होते, हे खरे. दुसऱ्या महिन्यात पलंग ते खुर्ची न धापता. तिसऱ्यात फरशीवरून गुडघ्यापर्यंत. चौथ्या महिन्यात तो तिला फरशीवरून थेट उचलून उभा राहिला, आणि दोघेही इतके चकित झाले की काही वेळ तो तिला तसाच धरून उभा होता.

“काडीचा पैलवान झाला की रे,” ताई म्हणाली.

“सवय आहे गं,” तो म्हणाला, पण मनातून फुलून गेला. फिजिओबाईंच्या काट्यावर चारच किलो वाढले होते. सातचे काम चारांतच झाले होते. बाईसुद्धा म्हणाल्या, एखाद्याच्या अंगात मुळातच ताकद असते, दिसत नाही इतकेच.

दादा ठरल्याप्रमाणे शनिवारी आला. आल्या आल्या त्याने बूट काढले, चहा घेतला आणि म्हणाला, “हं, दाखव.”

धाकट्याने ताईला पलंगावरून फरशीवर नीट बसवले. मग तिच्या काखेखालून एक हात, गुडघ्यांखालून दुसरा. मांड्यांतून जोर. ती वर आली. त्याने तिला पलंगावर ठेवले, चादर सारखी केली आणि, ऐट दाखवायची म्हणून, पुन्हा एकदा खाली बसवून पुन्हा उचलले.

दादाचे डोळे भरून आले. दादा तसा हळवाच. कडक बोलायचा ते त्यासाठीच. “मानलं तुला,” तो म्हणाला. “मी संस्थेत उद्याच नाही म्हणून कळवतो.” जाताना त्याने ताईच्या गालाला हात लावला. “जरा उतरलीस का गं?”

“पथ्य आहे,” ताई म्हणाली. “बसून बसून माणूस फुगतं.”

सोमवारी सकाळी धाकटा खुशीत होता. फिजिओबाईंनी नवा काटा घेतला होता आणि जुना त्याला देऊन टाकला होता. एकशे तीसपर्यंतचा, पायाशी गोल तबकडी असलेला. तो त्याने भिंतीजवळ ठेवला होता. नऊला मावशी आल्या तेव्हा तो ताईला उचलून खिडकीजवळच्या खुर्चीकडे निघाला होता. वाटेत काटा दिसला आणि त्याला लहर आली.

“मावशी, बघा हो, दोघांचं मिळून किती भरतं. काट्याचं कंबरडं मोडतं का बघू.”

“नको,” ताई म्हणाली. “ठेव मला खाली. धाकट्या, चहा गार होतोय.”

“एक मिनिट गं.” तो काट्यावर चढला. तिच्या अंगाआडून त्याला तबकडी दिसेना. मावशी वाकल्या. ताई त्यांना डोळ्यांनी खुणावत होती, पण मावशींना आकडे वाचता येण्याचा अभिमान होता.

“एकशे एकवीस,” त्यांनी खणखणीत सांगितले.

धाकटा काट्यावरून उतरला. तिला खुर्चीत बसवले, शाल दिली. सत्तावीस वर्षे ज्याने दुसरे काही केले नाही त्याला वजाबाकी करावी लागत नाही, ती आपोआप होते. एकशे एकवीस वजा सत्तावन्न. चौसष्ट. मागचा आकडा एक्क्याऐंशी.

“सतरा किलो कुठे गेले?” त्याने विचारले.

ताई खिडकीबाहेर बघू लागली.

“मावशी, दुपारचा डबा कोण खातं?”

मावशी घाबरल्या. “डॉक्टरांनी कमी खायला सांगितलंय म्हणाल्या मला. अर्धी वाटी खायच्या. बाकीचं म्हणाल्या घरी न्या, टाकू नका. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल.”

“चार महिने?”

“चार महिने,” मावशी म्हणाल्या आणि तोंडाला पदर लावून आत गेल्या.

रोज बघणाऱ्याला केस पांढरे होताना दिसत नाहीत, तसे झाले होते. त्याने शाल बाजूला केली. सैल गाऊनच्या आत ताई होती, पण पूर्वीच्या ताईपेक्षा पुष्कळ कमी होती. गळ्याची हाडे वर आली होती. दंडाचे कातडे रिकाम्या पिशवीसारखे लोंबत होते. हेच दंड तो रोज आपल्या गळ्यात घालून घेत होता आणि आपली ताकद वाढली म्हणून मिरवत होता. रात्री ज्या ताटातले सरकवलेले त्याने खाल्ले, ते तिच्याच तोंडचे होते. त्याला स्वतःची किळस आली.

“का?” तो ओरडला. आयुष्यात पहिल्यांदाच तिच्यावर ओरडला. “मी तुझ्यासाठी ताकद कमावत होतो!”

“मग मी काय वेगळं करत होते?” तीही चिडली. “तू सात चढवणार आणि नऊ मिनिटांनी हुकणार. तूच मांडलास ना हिशेब? तुझ्याकडे दुसरं आहे काय रे? बायको नाही, पोर नाही. एक ते पळणं. तेही मी खाऊन बसू? तुला चढवायला लागू नयेत म्हणून मी उतरवले. कोणीतरी उतरवायलाच हवे होते.”

“मला विचारायचं होतंस!”

“विचारलं असतं तर हो म्हणाला असतास?”

त्याने शाल उचलून पुन्हा तिच्या अंगावर घातली.

संध्याकाळी त्याने फिजिओबाईंना घरी आणले. त्यांनी ताईचा दंड चिमटीत धरला, हाताची पकड बघितली, पाठ बघितली. त्यांचा मोठा आवाज लहान झाला. “आजी, हे वजन उतरलेलं नाही, मांस गेलंय. पूर्वी तुम्ही हातांनी स्वतःला थोडं तरी उचलायचात. आता नुसत्या लोंबता. पाठीला लाली आलीय, उद्या जखमा होतील. मग घरही नाही आणि संस्थाही नाही, सरळ हॉस्पिटल. खा. याच्याइतकंच खा.”

“आणि मग मी पुन्हा जड होणार,” ताई म्हणाली.

“व्हा,” बाई म्हणाल्या. “तो बघेल.”

पण खाणे इतके सोपे राहिले नव्हते. चार चमचे झाले की ती मान फिरवायची. पोटच आक्रसले होते, आणि त्यात तिचा हट्ट. तिसऱ्या दिवशी तिने सरळ सौदाच घातला. “तू विसावी पुरी करून ये. मग तू सांगशील तेवढं खाईन. शपथ. पण आता खाल्लं आणि तू माझ्यापायी हुकलास, तर तो घास जन्मभर माझ्या घशात राहील. मला नाही गिळता यायचा.”

धाकटा तिला ओळखून होता. एकदा बोलली म्हणजे बोलली. अकरा दिवस उरले होते. त्या अकरा दिवसांत तो सकाळ-संध्याकाळ वाटी घेऊन तिच्यासमोर बसला. गोडीने, रागाने, गोष्टी सांगून चमचा चमचा भरवला. पळायला म्हणून तो एकदाही बाहेर पडला नाही.

शर्यतीच्या रविवारी मावशी पहाटेच आल्या. ताई जागी होती. “जा,” एवढेच म्हणाली.

पहिले वीस किलोमीटर बरे गेले. तिसाव्यापर्यंत तो वेळेत होता. मनगटावरच्या घड्याळात सात मिनिटे हाताशी होती. मग खांदे जाणवायला लागले. एकोणीस शर्यतींत त्याला खांदे आहेत हे कधी कळले नव्हते. आता ते होते, भरदार, आणि त्यांनाही उचलून न्यायचे होते. चौतिसाव्याला पोटरीत गोळा आला. तो खांबाला धरून उभा राहिला, पोटरी चोळली, निघाला. सदतिसाव्याला पुन्हा आला. त्याच्या मागून लोक पुढे गेले, मग कोणी जायचे उरले नाही.

एकेचाळिसाव्यापाशी गाड्या सुरू झाल्या होत्या. शिट्टीवाली एक स्वयंसेविका पाण्याचे रिकामे पेले पोत्यात भरत होती. “काका, रस्ता सोडा,” ती म्हणाली. “फूटपाथवरून या हळूहळू. संपलंय सगळं.”

तो फूटपाथवरून गेला. शेवटच्या रेषेवरची चिकटपट्टी एक माणूस सोलून काढत होता. अर्धी निघाली होती, अर्धी होती. धाकट्याने उरलेल्या अर्ध्यावर पाय ठेवला आणि घड्याळ थांबवले. पाच तास सात मिनिटे. माणसाने वर बघितले, “झालं का?” म्हणून विचारले आणि पुढची पट्टी सोलली.

धाकटा कठड्यावर बसला. त्याला वाटले होते, रडू येईल. आले नाही. फार दमल्यासारखे वाटत होते, आजच्या पळण्याने नव्हे, सगळ्यानेच. पुढच्या वर्षी ताई जड असणार होती, असायलाच हवी होती, आणि तो साठ किलोंचा, पन्नाशी ओलांडलेला. विसावी आता होणार नव्हती. हे त्याने स्वतःला एकदा स्पष्ट सांगितले आणि उठला.

घरी तो मागच्या दाराने आत शिरला. कपाटाच्या वरच्या फळीवर एका डब्यात एकोणीस पदके होती. त्याने सगळ्यात वरचे, गेल्या वर्षीचे घेतले, बाहीने पुसले आणि गळ्यात घालून पुढे गेला.

ताई खिडकीपाशी बसली होती.

“झालं?”

“झालं.”

“वेळेत?”

“चार तास छप्पन्न,” तो म्हणाला. खोट्याची सवय नसलेला माणूस नको तेवढे सांगतो.

“आण बघू. आणि चष्मा दे.”

चष्मा द्यायला त्याला जरा वेळ लागला. तिने तो लावला, पदक हातात घेतले, पुढून बघितले. मग उलटे केले. तिचा अंगठा कोरलेल्या अक्षरांवरून सरकत गेला आणि सालाच्या आकड्यावर येऊन थांबला. धाकटा खिडकीच्या कडीकडे बघत राहिला.

“छान आहे,” ती शेवटी म्हणाली आणि पदक त्याच्या हातात दिले. “नीट ठेव.” मग आत वळून, “मावशी, ताट आणा माझं. भात दोन डाव वाढा, अर्धा-अर्धा करत बसू नका.”

मावशींनी ताट मांडीवरच्या पाटावर ठेवले. ताईने पहिला घास घेतला. चावायला वेळ लागला, गिळायला त्याहून जास्त. मग दुसरा घेतला. तिच्या डोळ्यांतून पाणी गालावर आले होते, ते तिने पुसले नाही. हात रिकामा नव्हता.

धाकटा दाराच्या चौकटीला धरून उभा होता. बसला असता तर त्याला परत उठता आले नसते.

“पहारा कसला देतोयस?” ती तोंडातल्या घासासकट म्हणाली. “जा, अंघोळ कर. मी खातेय.”

तो गेला नाही आणि तिनेही पुन्हा सांगितले नाही. ताट संपेपर्यंत दोघे तसेच राहिले.